फर्ग्युसनला बीएस्सी की शहराबाहेरचं इंजिनिअरिंग? बार्शीच्या एका आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही गफलत असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. लेक बार्शीत वाढलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी सायन्सला ८४ टक्के, त्यात गणितात सगळ्यात जास्त. एमएचटी-सीईटीला ९१ पर्सेंटाइल. फर्ग्युसनच्या बीएस्सीच्या यादीत तिचं नाव लागलंय, तिला स्टॅटिस्टिक्स करायचंय आणि इंजिनिअरिंग नको आहे. दीर म्हणतात, पुण्याबाहेरच्या एका खासगी कॉलेजात एआय-डेटा सायन्सला जागा मिळेल, ओबीसी मुलींना फी माफ आहे, मग बीएस्सी करून पोरीचं नुकसान कशाला करता. आणि तुमची धास्ती तिसरीच: मुलगी बुजरी, इंग्रजी बोलताना अडखळते, फर्ग्युसनच्या चटपटीत पोरांत तिचा निभाव लागेल का.

मी पुण्यात पदवीच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवलं आणि प्रवेशाच्या टेबलावरही बसले, पण फर्ग्युसनमध्ये नाही, दुसऱ्या कॉलेजात. त्यामुळे फर्ग्युसनची जाहिरात करायचं मला कारण नाही. विषयाकडे मात्र माझा कल असणार, तेवढी वजावट धरून वाचा.

माझं मत असं की फर्ग्युसनचा प्रवेश मुदतीत पक्का करा. इंजिनिअरिंगचा कॅपचा, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, अर्ज भरला असेल तर तो तूर्त राहू दे. आणि येत्या आठवड्यात लेकीला घेऊन एक दिवस पुण्याला या. त्या दिवशी काय बघायचं ते पुढे सांगते.

तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलात, आणि मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटली. तिचे वडील आडतीवर दिवाणजी आहेत आणि ही पोरगी तुरीची रोजची आवक नि भाव मोबाइलमध्ये उतरवून ठेवते. कुणी सांगितलेलं नाही. जानेवारीत नवी तूर यायला लागली तेव्हा आवक वाढूनही दोन दिवस भाव चढाच कसा राहिला, म्हणून तिने वडिलांचं डोकं खाल्लं. ताई, एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, मुलांना आम्ही सहसंबंध शिकवतो, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर कितपत वाढतात-घटतात ते मोजणं. बहुतेक मुलं सूत्रात आकडे घालतात, ०.८२ असं काहीतरी उत्तर काढतात, खाली दोन रेघा मारतात आणि जर्नल मिटतात. आलेखावर एक टिंब बाकीच्यांपासून लांब का पडलंय, त्या दिवशी काय झालं होतं, असं विचारणारी मुलं वर्गात दोन-तीन निघतात. तुमची लेक त्यातली दिसते. हे मार्कांवरून कळत नाही, म्हणून ८४ टक्क्यांपेक्षा मी त्या तुरीच्या नोंदींना जास्त वजन देते.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. नुसती आकडेमोड आवडते म्हणून स्टॅटिस्टिक्स घेणाऱ्यांना दुसऱ्या वर्षी झटका बसतो. तिथे आकडे कमी होतात आणि इंटिग्रेशन, मालिका, सिद्धता वाढतात. डिस्ट्रिब्युशन थिअरीचा पेपर हा गणिताचाच पेपर असतो. तेव्हा लेकीला एक साधी गोष्ट विचारा: बारावीच्या गणितात प्रॉबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन आणि बायनॉमियलचे धडे होते, ते तिने मनापासून केले की ऑप्शनला टाकले? ऑप्शनला टाकले असतील तर मला काळजी वाटेल आणि हा सगळा विचार पुन्हा करावा लागेल.

आता दिरांचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नाही. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा; मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत नाही. नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला चालू मुदतीचा लागतो. पण 'फी माफ' आणि 'शिक्षण फुकट' यांत बरंच अंतर आहे. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, कॉलेजची बस हे सगळं उरतंच. शहराबाहेरच्या कॉलेजात बस आणि हॉस्टेल यांना पर्याय नसतो, त्यामुळे तिथलं बिल ठरवणारे तेच असतात. प्रवेशाआधी कॉलेजकडून वर्षाचा पूर्ण खर्च कागदावर लिहून मागा. तोंडी आकड्यावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट जागांची. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या कामगिरीच्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यानंतर कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या जागा भराभर वाढल्या. जागा कागदावर एका वर्षात वाढतात, शिकवणारी माणसं तशी वाढत नाहीत. म्हणून त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाचा दस्तऐवज उघडा, तो टाकणं त्यांना बंधनकारक आहे. त्यात शिक्षकांची यादी असते. एआय-डेटा सायन्स विभागातल्या किती जणांची रुजू होण्याची तारीख वर्षाच्या आतली आहे, ते मोजा. मोजायचं काम लेकीला द्या, तिला आवडेल.

प्लेसमेंटचे फलक बघताना सगळ्यात मोठं पॅकेज सोडून द्या, ते एकाच मुलाचं असतं. सरासरीही सोडा. मध्यक, म्हणजे रांगेतल्या मधल्या मुलाचं पॅकेज, विचारा, आणि 'नव्वद टक्के प्लेसमेंट' म्हणजे कुणाचे नव्वद टक्के तेही विचारा. पुष्कळदा छेदात फक्त 'पात्र' मुलं धरलेली असतात. बॅकलॉग असलेली, नाव न नोंदवलेली मुलं त्यातून आधीच गळालेली असतात.

एवढं असूनही, चार वर्षांनी घरात पगार येणं ही तुमच्याकडे गरजच असेल, तर बरं इंजिनिअरिंग कॉलेज हा विचार करण्यासारखा पर्याय आहे. बीएस्सी स्टॅटिस्टिक्सला तीन वर्षांनी नोकरी लागते, नाही असं नाही. पण ती बहुधा डेटा एंट्रीच्या जरा वरची, एक्सेल-एसक्यूएलवाली असते आणि पगारही बेताचा. या विषयाची खरी किंमत एमएस्सीनंतर येते. म्हणजे पाच वर्षांचा हिशोब धरा. हे दिरांना सांगा, लपवू नका. नाहीतर तिसऱ्या वर्षी घरात 'आता कमवायला लाग' सुरू होईल आणि मुलगी अर्ध्यावर अडकेल.

मात्र ज्या मुलीने इंजिनिअरिंग नको म्हणून स्वच्छ सांगितलंय, तिला पहिलं वर्ष मेकॅनिक्स आणि ग्राफिक्सच्या शीटवर घासायला लावून पुढे जे डेटा सायन्स शिकवणार, त्याचा पाया तरी काय असतो? प्रॉबॅबिलिटी, रिग्रेशन, मॅट्रिक्स. ते तिला स्टॅटिस्टिक्सला सरळ समोरच्या दारातून मिळतंय.

आता फर्ग्युसन. १८८५ सालचं कॉलेज, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं. आगरकर इथले प्राचार्य होते, गोखले इथे शिकवायचे, केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, रघुनाथ परांजपे इथे गणित शिकवायचे आणि पुढे बरीच वर्षं प्राचार्य राहिले. गणितावर जीव असलेल्या मुलीला हे ऐकून बरं वाटेल आणि वाटू द्यावं. पण रँग्लर परांजपे काही तिचा एफवायचा तास घ्यायला येणार नाहीत. पुण्यात आमच्याकडे नावाची सवय फार लागते; लोक 'पोरगं एफसीला आहे' एवढं सांगून थांबतात, कशाला आहे ते विचारावं लागतं. मूल्यमापनातली नॅकची श्रेणी किंवा देशपातळीवरच्या यादीतला एनआयआरएफचा क्रमांकही सगळ्या संस्थेचा असतो. त्यावरून एका विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर काय चालतं ते कळत नाही, आणि तुमची मुलगी तीन-चार वर्षं त्या मजल्यावर असणार आहे.

काही व्यवहाराच्या बाबी. फर्ग्युसन स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा, पेपर कॉलेजचे, पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. अभ्यासक्रम लवकर बदलता येतो, हा फायदा. तोटा असा की मध्येच दुसऱ्या कॉलेजात जायचं झालं तर झालेले विषय नि क्रेडिट तिथल्याशी जुळवताना दमछाक होते. त्यामुळे 'एक वर्ष बघू, नाही जमलं तर बदलू' हा विचार स्वायत्त कॉलेजात महाग पडतो. दुसरं, त्याच आवारात आता २०२३ पासून डीईएस पुणे विद्यापीठ हे खासगी विद्यापीठही आहे. संस्था तीच, पण अर्ज वेगळा, फी वेगळी, पदवी वेगळी. बाहेरगावच्या पालकांचा इथे गोंधळ होतो. पैसे भरण्याआधी पावतीवर कुणाचं नाव आहे ते वाचा.

तिसरं, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही: कुठल्याही जुन्या कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित असे दोन संसार एकाच छपराखाली असतात. स्टॅटिस्टिक्स, गणित, भौतिकशास्त्र असे जुने विषय बहुतेक ठिकाणी अनुदानित, फी कमी. कॉम्प्युटर सायन्स, डेटा सायन्स अशी नवी नावं बहुधा विनाअनुदानित, फी कित्येक पट. नावाला भुलून शेवटच्या क्षणी दुसऱ्या रांगेत जाऊ नका. अनुदानित विभागातही किती जागा कायम शिक्षकांनी भरल्यात आणि किती तास सीएचबीवर, म्हणजे तासागणिक पैसे मिळणाऱ्या तात्पुरत्या शिक्षकांवर, चाललेत ते विचारा. तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलं-मुली पुष्कळदा फार छान शिकवतात, माझ्या विभागात होती. पण पुढच्या जूनमध्ये ती तिथे असतील याची खात्री त्यांनाही नसते, आणि एमएस्सीच्या वेळी शिफारसपत्र द्यायला ओळखीचा शिक्षक जागेवर असावा लागतो.

नव्या शैक्षणिक धोरणाचंही जरा समजून घ्या. आता मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (बाहेरचा निवडीचा विषय) असं सगळं आहे, वर्षाला साधारण ४४ क्रेडिट. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं ३०. मेजर कधी ठरतो आणि स्टॅटिस्टिक्सबरोबर कोणते विषय घेता येतात, हे कॉलेजागणिक बदलतं. तुमच्या लेकीसाठी स्टॅटिस्टिक्स मेजर आणि गणित मायनर हे सोन्याहून पिवळं. ते वेळापत्रकात बसतं का, एवढं मात्र प्रवेशाच्या आधी विचारा. नंतर विचारलं तर 'जागा भरल्या' हे उत्तर तयार असतं.

आता भेटीचा दिवस. आडतीवर पोत्यात परखी खुपसून मूठभर माल बाहेर काढतात आणि त्यावर भाव ठरतो, तसा हा एक दिवस. रविवारी येऊ नका, प्रवेशाच्या गर्दीत सकाळी अकराला येऊ नका. कामाच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला या. दगडी मुख्य इमारतीसमोर फोटो काढा, तो हक्कच आहे, आणि मग सरळ स्टॅटिस्टिक्स विभागाच्या बाहेरच्या नोटीस बोर्डापाशी जाऊन उभ्या राहा.

बोर्डाला घाई करू नका. प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक लावलेलं असतं, त्यात एका बॅचला किती मुलं आहेत ते बघा. वीस-बावीसची बॅच असेल तर शिक्षक प्रत्येकाच्या बाकापाशी येतो. चाळीस असतील तर जर्नल तपासणं म्हणजे सह्या मारणं होतं. अंतर्गत परीक्षेचे मार्क लावलेत का, त्यावर कुठली तारीख आहे? गेल्या वर्षीच्या पाहुण्या व्याख्यानाची पिवळी पडलेली नोटीस अजून लटकत असेल तर त्यानंतर काही झालेलं नाही, असं समजा. आयआयटीत एमएस्सीला प्रवेश देणाऱ्या 'जॅम' परीक्षेत निवडलेल्या मुलांची नावं कुठे लावलीत का, एखाद्या वर्षाची की दरवर्षीची? हा बोर्ड कॉलेजच्या माहितीपुस्तकापेक्षा खरं बोलतो, कारण तो पालकांसाठी लावलेला नसतो.

मग शिपाई मामांशी दोन शब्द बोला. कोणते सर संध्याकाळी पाचनंतरही विभागात असतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि एसवाय-टीवायच्या एखाद्या मुलीला गाठा, शक्यतो बाहेरगावची. तुम्ही बाजूला व्हा, लेकीला एकटीला बोलू द्या. 'कॉलेज कसं आहे' असं विचारलं तर 'छान आहे' एवढंच उत्तर येतं. 'एखादं गणित अडलं तर तू कुणाकडे जातेस?' असं विचारायला सांगा. तिने पटकन एका शिक्षकाचं किंवा सीनियरचं नाव घेतलं तर माझ्या दृष्टीने निम्मं काम झालं. ती विचार करायला लागली आणि शेवटी 'यूट्यूब' म्हणाली, तर तेही उत्तरच आहे.

या भेटीत विभाग तुम्हाला निर्जीव वाटला तर फर्ग्युसनच्या नावासाठी अडून बसू नका. टिळक रोडचं एसपी, शिवाजीनगरचं मॉडर्न इथेही स्टॅटिस्टिक्स आहे, आणि तुमच्या लेकीला एसपीचं वातावरण कदाचित जास्त घरचं वाटेल. हीच परखी तिथेही लावा.

बुजरेपणाचं मी फार मनावर घेत नाही. इंग्रजीचं घेते, पण तुम्ही घेताय त्या कारणासाठी नाही. पोरी कँटीनमध्ये इंग्रजीत बोलतात, यानं कुणी नापास होत नाही. आणि हॉस्टेलवर बार्शी, लातूर, परभणी, नगरच्या मुली इतक्या असतात की महिनाभरात तिचा कंपू होतो. खरी अडचण गणिताचा उतारा वाचताना येते. सूत्र पाठ असतं, पण चार ओळींच्या इंग्रजी प्रश्नात कोणती संख्या दिलीय आणि कोणती काढायचीय, तेच समजत नाही. पहिल्या अंतर्गत परीक्षेत मराठी माध्यमाची हुशार मुलं इथेच मार खातात आणि 'आपल्याला हे जमत नाही' असा चुकीचा अर्थ काढतात. उपाय रटाळ आहे पण लागू पडतो. कॉलेज सुरू व्हायच्या आधी रोज पाच शाब्दिक उदाहरणं इंग्रजीतून वाचायची. सोडवायची नाहीत, नुसतं काय दिलंय आणि काय मागितलंय ते मराठीत लिहायचं. ऑगस्टपर्यंत एवढं केलं तरी दिवाळीच्या परीक्षेत फरक दिसतो. आणि इंग्रजी बोलण्याचे क्लास लावू नका, त्यात पैसे जातात आणि संध्याकाळही जाते.

बुजऱ्या मुलांसाठी पुण्यातल्या कॉलेजांत एक सोय आहे, तिला कुणी सोय म्हणत नाही एवढंच. पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या दिवसांत कॉलेजच्या नाटकाच्या गटाला बॅकस्टेजला माणसं लागतात. दिवे, संगीत, सामान, वेळेचा हिशोब. स्टेजवर जायचं नसतं, पण तीस-चाळीस जणांबरोबर रात्री उशिरापर्यंत काम करावं लागतं. तोंडातून शब्द न फुटणाऱ्या किती मुली त्यात बोलत्या झालेल्या मी पाहिल्यात. फक्त पहिल्या वर्षी उपस्थितीवर लक्ष ठेवायला सांगा. तालमीपायी प्रात्यक्षिकं बुडवली की टर्म ग्रँट होताना, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी मिळवताना, रडारड होते.

राहण्याचं मात्र आत्ताच बघा, कारण माझ्या मते प्रवेशापेक्षा ते कठीण आहे. कॉलेजच्या आवारात मुलींचं वसतिगृह आहे. जागा मागणीपेक्षा कमी, अर्ज वेगळा. कॉलेजला प्रवेश मिळाला म्हणजे हॉस्टेल मिळालं असं धरू नका. ते नाही मिळालं तर विद्यार्थी साहाय्यक समितीकडे चौकशी करा. १९५५ पासून ग्रामीण भागातल्या होतकरू मुलांची राहण्याजेवणाची सोय करणारी ही पुण्यातली संस्था, मुलींसाठीही व्यवस्था आहे. शिस्त कडक, कामंही वाटून करावी लागतात, पण खर्च अगदी कमी. तुमच्या लेकीसारख्या मुलीसाठी मला ती महागड्या पीजीपेक्षा बरी वाटते. इतर मागास बहुजन कल्याण विभागाची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनाही आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी विद्यार्थ्यांना पुण्यासारख्या शहरात राहण्याजेवणासाठी वर्षाला ६०,००० रुपये. निवड गुणवत्तेवर होते, आणि पैसे खात्यात यायला उशीर लागतो, म्हणून पहिले सहा महिने ते येणारच नाहीत असं धरून चाला. पुणे विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजनाही असते. पहिल्या सत्रात नको, दुसऱ्यापासून तिला हवं तर करू दे.

पुढचा रस्ता विचारलात. एमएस्सीसाठी पुणे विद्यापीठाचा स्टॅटिस्टिक्स विभाग आहेच. 'जॅम'मध्ये मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स हा स्वतंत्र पेपर असतो, त्यातून आयआयटीत जाता येतं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची वेगळी प्रवेश परीक्षा असते, ती जास्त अवघड. आणि यूपीएससी दरवर्षी भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा घेते. ती आपल्याकडच्या मुलांना माहीतच नसते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत राज्यसेवेला बसलेली हजारो मुलं भेटतील, सांख्यिकी सेवेची तयारी करणारा शोधावा लागतो. पुण्यात हवामान खातं आहे, पाषाणला हवामानशास्त्राचं संशोधन करणारी आयआयटीएम आहे, विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही आहे. अशा ठिकाणी आकडे समजणारी माणसं लागतातच. तीन वर्षांनी एमएस्सीला दोन वर्षं, किंवा चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक वर्ष, असे दोन्ही मार्ग आता आहेत. कोणता घ्यायचा ते तिसऱ्या वर्षी ठरवा.

आता आर्थिक धोका. बीएस्सीचे प्रवेश आधी होतात, कॅपच्या फेऱ्या नंतर. फर्ग्युसनची फी भरली आणि पुढे मन बदललं तर पैसे बुडतात, अशी भीती घालणारे भेटतील. यूजीसीचं फी परताव्याचं धोरण आहे. २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून परत, अशी मुदत होती. यंदाची तारीख परिपत्रकात बघून घ्या. मूळ कागदपत्रं कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत. तपासून परत मागा आणि दाखल्याच्या चार-पाच झेरॉक्स जवळ ठेवा. कॅपमध्ये मात्र जपून. पहिल्या पसंतीला लिहिलेलं कॉलेज लागलं की पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. म्हणून दिरांच्या समाधानासाठी अर्ज भरायचा असेल तर जिथे तिला खरोखर जायचं असेल तेवढीच नावं लिहा. ९१ पर्सेंटाइलला नावाजलेल्या कॉलेजांत कॉम्प्युटर मिळणं अवघड आहे, आणि जे सहज मिळतंय ते तिला नकोय.

शेवटी तुम्ही स्कूटीचं विचारलंत. पहिल्या वर्षी नको. फर्ग्युसन रस्ता एकेरी, गर्दी कायमची, आणि आवाराजवळ हॉस्टेल मिळालं तर गाडी नुसती उभी राहील. मेट्रोचं डेक्कन जिमखाना स्थानक जवळ आहे, विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत आहे, पीएमपीचा पासही निघतो. बार्शीला यायला-जायला एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच. स्कूटीच्या पैशात तिला एक बऱ्यापैकी लॅपटॉप घेऊन द्या. फार महागडा नको, आठ जीबी रॅम पुष्कळ झाली; 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि तेवढ्यावर चालतं. तिच्या तुरीच्या नोंदी पहिल्यांदा त्यातच घालायला सांगा.